सिडनी वाटेत लागते

माझ्या आईनं पृथ्वीप्रदक्षिणा केली, कारण तिला बहिणीकडे जायचं नव्हतं.

हे वाक्य मी आजवर तिकीट एजंटला, माझ्या साहेबांना, एका वकिलातीच्या खिडकीला आणि अम्मान विमानतळावरच्या एका पोलिसाला सांगितलं आहे. पटलं फक्त पोलिसाला. त्यालाही मोठी बहीण होती.

दिमियाना मावशी सिडनीला असते. आईच्या पाठची. अकरा वर्षांपूर्वी ती कैरोतल्या शुब्रा भागातल्या आमच्या घरून परत गेली, तेव्हा तिच्या बॅगेत आजीचा चिमटा होता. चिमटा म्हणजे काही दरोडा घालण्यासारखी वस्तू नव्हे. करंगळीएवढा, पितळी, टोकाला बारीक दाते. सणाला आमच्याकडे काह्क करतात. मैद्यातुपाची गोल खुसखुशीत बिस्किटं, आत खजूर, वर पिठीसाखर. त्यांच्या पाठीवर या चिमट्यानं चिमटे काढत नक्षी करायची. आईचं म्हणणं, चिमटा मोठ्या मुलीचा. मावशीचं म्हणणं, आजीनं तो स्वतःच्या हातानं तिच्या हातात दिला. आजीनं दोघींनाही 'हो' म्हटलं असणार. कुणाला नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि त्याचे परिणाम बघायला थांबणंही नव्हतं.

तेव्हापासून आई जेवणाच्या काट्यानं नक्षी काढते आणि दर सणाला पाहुण्यांपुढं बशी ठेवताना म्हणते, "खा. नक्षीकडे बघू नका. नक्षी सिडनीला आहे."

फोन बंद. मावशी लहान, म्हणून तिनं आधी करायचा. चूक आईची, म्हणून आईनं आधी करायचा. दोन्ही बाजूंचा मुद्दा इतका भक्कम होता की अकरा वर्षं कुणालाच तो सोडवेना.

मग गेल्या उन्हाळ्यात चर्चमधून बातमी आली. मावशी स्वयंपाकघरात घसरून पडली, मनगट मोडलं. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई भरायची वांगी पोखरत होती.

"कुठलं?"

"काय कुठलं?"

"मनगट रे, गाढवा."

"उजवं."

 आईनं ते वांगं इतकं पोखरलं की शेवटी हातात नुसतं देठ उरलं. जेवताना म्हणाली, "नसीम, जग गोल आहे ना?"

"असं म्हणतात."

"मला बघायचंय."

"कुठला भाग?"

"सगळं."

माझी आई, मॅडम फेब्रोनिया, तोवर जास्तीत जास्त अलेक्झांड्रियापर्यंत गेली होती आणि तिथला समुद्र तिला पसंत पडला नव्हता. 'फारच उघडा आहे' असं तिचं मत. मी जपून विचारलं, "सगळं म्हणजे… सिडनीसुद्धा?"

"सिडनी वाटेत लागत असेल तर मी काय करू? रस्ता बदलू?"

आता माझ्याविषयी दोन शब्द, कारण पुढं माझी अब्रू जायची आहे आणि ती होती हे आधी नोंदवून ठेवलेलं बरं. मी विमा कंपनीत कारकून आहे. विमानात कधी बसलो नव्हतो, पण विमान-तिकिटांचे नियम मला तोंडपाठ. आमच्या देशात उंट पुष्कळ, पण उंटावरचे शहाणे हल्ली उंटावर बसत नाहीत, संगणकापुढं बसतात. जगप्रदक्षिणेचं तिकीट कैरोहून स्वस्त पडतं म्हणे, म्हणून कुठकुठले गोरे लोक आधी कैरोला येतात आणि मग पृथ्वीभोवती फिरतात. कैरोचे लोक कैरोतच गोल फिरतात, वाहनतळ शोधत. हा अन्याय दूर करायची संधी चालून आली होती. घरातली भिशी नेमकी त्याच महिन्यात आईला लागली, त्यात बाबांनी मागं ठेवलेलं थोडं घातलं, आणि पैशांचा प्रश्न मिटला. उरला तो पृथ्वीचा.

"सात दिवस," साहेब म्हणाले. उस्ताज लबीब हे आमच्या शाखेचे प्रमुख. त्यांनी माझा रजेचा अर्ज दोनदा वाचला. "कारण: पृथ्वीप्रदक्षिणा. बरं. एका वेळी सात दिवसांच्या वर रजा नाही."

"साहेब, पृथ्वी मोठी आहे."

"मग हप्त्यानं घाल. लोक फ्रिज घेत नाहीत का हप्त्यानं?"

आईला इंग्रजी येत नाही, त्यामुळे मी बरोबर हवाच. म्हणजे प्रदक्षिणा हप्त्यानं घालणं भाग. इथं तिकिटाचे नियम आडवे आले. एकदा पूर्वेला निघालात की पूर्वेलाच जायचं, मागं वळायचं नाही. मधला एक टप्पा चुकवला की पुढचे सगळे रद्द. आणि ज्या देशातून निघालात तिथं त्या तिकिटावर परत उतरलात की खेळ संपला. तेव्हा मी असा तोडगा काढला, की अम्मानपर्यंत जायचं, तिथं तिकिटाला झोपवायचं, वेगळ्या स्वस्त तिकिटानं गुपचूप घरी यायचं. पुढची रजा मिळाली की गुपचूप अम्मानला जाऊन तिकिटाला उठवायचं आणि पुढं निघायचं. दुबईतही तसंच.

"म्हणजे अम्मानला दोनदा जायचं?" आईनं विचारलं.

"हो."

"आणि एकदाच गेलो असं दाखवायचं?"

"हो."

"हे पाप आहे का?"

"नाही. ही योजना आहे."

ही योजना मी शहरातल्या एका जुन्या तिकीट एजंटपुढं मांडली. उस्ताज हिल्मी यांनी उभ्या जन्मात जेद्दा आणि कुवेत सोडून तिसरं तिकीट विकलं नव्हतं. त्यांनी पेन उचललं.

"जायचं की जायचं-यायचं?"

"दोन्ही नाही. गोल."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठं उतरायचंय?"

"इथंच."

"मग जाता कशाला, बाळा?"

मी सांगितलं, आईला सिडनीला बहिणीकडे जायचं नाहीये म्हणून. हिल्मींनी माझ्यासाठी चहा मागवला, नंतर स्वतःसाठी मागवला, आणि म्हणाले, "माझी एक मेहुणी आहे. पंधरा वर्षं बोलत नाही. ती तांताला राहते. तांता गोल फिरून वाटेत येईल असं काही निघतंय का बघ." मी बघतो म्हणालो. अजून बघतोय.

पॅसिफिक ओलांडायला सरळ वाट अमेरिकेची, पण तिथल्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख इतकी लांबची मिळत होती की तोवर मीच निवृत्त झालो असतो. म्हणून सिडनीहून चिली, तिथं नुसतं विमान बदलायचं, मग माद्रिद, तिथंही तेच, मग कैरो.

"चिलीत आपलं कोण आहे?" आईनं विचारलं.

"कुणी नाही."

"देवाची कृपा," आई म्हणाली.

बातमी इमारतीत पसरली. आमच्या वर राहणाऱ्या हाज्जा इन्शिराह दोनदा हज आणि चारदा उमरा करून आलेल्या, त्यामुळे विमानविद्येत त्यांचा शब्द अखेरचा. "अगं उम्म नसीम," म्हणजे नसीमची आई, "खिडकीकडची जागा घेऊ नकोस, ढग बघून पोट बिघडतं." तळमजल्यावरचे निवृत्त कर्नल फिक्री यांचा दिशेलाच आक्षेप होता. "पूर्वेकडून? सूर्याच्या तोंडावर चाल करून जाणार? पश्चिमेकडून जा, सूर्य पाठीशी राहतो." मी म्हटलं, तिकीट निघालंय. ते म्हणाले, "सगळ्या पराभवांच्या आधी हेच वाक्य असतं."

पहिल्या हप्त्याच्या निरोपाला अख्खी इमारत खाली उतरली. बायका रडल्या. हाज्जा इन्शिराह गॅलरीतून ओढणी हलवत राहिल्या. कर्नलसाहेबांनी सलाम ठोकला. आईनं सगळ्यांची क्षमा मागितली, कारण लांबच्या प्रवासाला निघताना क्षमा मागायची पद्धत आहे. तळमजल्यावरच्या एका बाईंनी तर, जाणाऱ्या माणसाला माफ करायलाच हवं म्हणून, जुनी भांडणं आठवून आठवून माफ केली. त्यातली तीन आईला ठाऊकही नव्हती.

तिसऱ्या दिवशी आम्ही परत आलो.

जगप्रदक्षिणेहून तिसऱ्या दिवशी परतणाऱ्या माणसानं जिना कसा चढावा याचे काही संकेत नाहीत. आम्ही मान खाली घालून चढत होतो. तेवढ्यात कर्नलसाहेबांचं दार उघडलं. "झाली?"

"पहिला हप्ता झाला," मी म्हटलं.

"कुठवर पोचलात?"

"अम्मान."

"अम्मानला बस जाते," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या हप्त्याला निरोप द्यायला निम्मीच इमारत आली. रडणं कमी झालं होतं, पण पुडकी वाढली होती. आमच्याकडे कुणी परदेशी निघालं की अख्खी गल्ली त्याच्या हातून आपापल्या माणसांना काहीबाही धाडते. नाही म्हणणं म्हणजे नातं तोडणं. हाज्जा इन्शिराहनी दुबईतल्या मुलासाठी भरलेली कबुतरं गोठवून दिली. ती कबुतरं मी अम्मानला नेली, अम्मानहून दुबईला नेली. हयात असताना त्यांनी एवढा प्रवास केला नसता. विमान उशिरा निघाल्यानं ती वितळायला लागली, तशी आईनं ती स्वतःच्या लोकरी शालीत गुंडाळली. मी म्हटलं, आई, शालीनं ऊब येते. ती म्हणाली, "थंडी आत राहते. तू विमा बघ."

दुबईच्या विमानतळावर मुलगा आला. मोठी नोकरी, झकपक सूट. पिशवी हातात घेतल्यावर म्हणाला, "इथं सगळं मिळतं हो, काकू. कबुतरंसुद्धा." मग तिथंच, गाड्यांच्या रांगेत उभा राहून, सुटाच्या बाह्या वर करून त्यानं एक कबुतर खाल्लं. आई बघत राहिली. परतीच्या विमानात म्हणाली, "हाताची चव लांब गेली की जास्त लागते." मग लगेच, "मी कबुतरांबद्दल बोलतेय."

ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाच्या कागदात एक प्रश्न होता: तिथं कुणी नातेवाईक आहेत का?

"नाही लिही."

"आई, सख्खी बहीण आहे."

"सख्खी होती. आता चिमटेवाली आहे."

मी 'आहे' लिहिलं. भेटीचा उद्देश या रकान्यापुढं आईनं बजावून लिहायला लावलं: 'वाटेत आहे.' खिडकीतल्या बाई हसल्या नाहीत, ते मला आवडलं. म्हणाल्या, "मग तुम्हाला पाहुण्याचा परवाना नको. पुढच्या विमानाचं तिकीट आहे ना? वाटसरूचा घ्या. तीन दिवस मिळतात." आईचा आनंद गगनात मावेना. सरकारनं लेखी मान्य केलं होतं की ती कुणाकडे जात नाहीये. तो परवाना तिनं मला हाज्जा इन्शिराहना दोनदा वाचून दाखवायला लावला.

मावशीला विमानाची वेळ कळवायची नाही, अशी आईनं मला शपथ घातली होती. मी पाळली. मी ती फक्त आमच्या चर्चच्या फादरांना सांगितली. त्यांनी सिडनीच्या फादरांना सांगितली. पुढं ती देवाच्या मार्गानं गेली, त्यात मी ढवळाढवळ केली नाही.

तिसरा हप्ता डिसेंबरात. नाताळच्या आधीचा मोठा उपास चालू होता, दूध-तूप-मांस सगळं बंद. तरी आईनं डबाभर काह्क केले, चाखता येत नसल्यामुळे अंदाजानं, नक्षी अर्थात काट्याची. आणि एका बरणीत मिश भरलं. मिश म्हणजे आमचं मुरवलेलं जुनं चीज. त्याचा वास आधी येतो आणि माणूस मागाहून. "हे कशाला?" मी विचारलं. "वाटेत खायला," आई म्हणाली. उपासात तिला ते चालत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात यायला हवं होतं.

टॅक्सी दारात उभी राहिली. निरोपाला आता फक्त कर्नलसाहेब आणि गॅलरीतून हाज्जा इन्शिराह. सराव झाला असल्यानं त्यांनी ओढणी जरा ऐटीत फिरवली, आणि गॅलरीच्या कठड्यावर पाणी गार व्हायला ठेवलेली मातीची सुरई ओढणीबरोबर खाली आली. टॅक्सीच्या बरोबर मागं फुटली.

गल्ली चिडीचूप झाली.

नको असलेला पाहुणा एकदाचा गेला, की आमच्याकडे त्याच्या पाठीमागं सुरई फोडतात. पुन्हा हा चेहरा दिसू नये म्हणून. शुब्रातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे.

आई टॅक्सीतून उतरली आणि फुटपाथवर बॅगेवर बसली. "मी येत नाही."

"आई, दुबईचं विमान चुकलं तर पुढचं सगळं मेलं. सिडनीपण."

"परत न येण्यासाठी मी जाणार नाही."

वरून हाज्जा इन्शिराह छाती पिटत ओरडल्या, "माझा हात मोडो गं, उम्म नसीम! हाच हात! मोडून पडो!"

"हात मोडायचं बोलू नका!" आई एकदम किंचाळली. "कुणाच्या हाताचं नाव काढू नका!" आणि मग ती रडायला लागली. माझी आई रस्त्यात रडणाऱ्यांतली नव्हे. कर्नलसाहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

विमा कंपनीत पाच वर्षं काढली की माणूस एकच विद्या शिकतो: जे घडलं ते नियमाप्रमाणे घडलंच नाही, हे सिद्ध करणं. मी तिच्याशेजारी बसलो.

"आई, सुरई तुझ्या मागं फुटलेली नाही."

"मी बघितली."

"तू इथं नाहीसच. तिकिटाप्रमाणे तू अम्मानहून दुबईला उतरलीस आणि अजून तिथंच आहेस. आज कैरोतून तू निघतच नाहीयेस. मग तुझ्या मागं काही फुटेल कसं?"

आईनं डोळे पुसले. "असं लिहिलंय?"

"छापलंय."

"लष्करी दृष्टीनं मुद्दा बरोबर आहे," कर्नलसाहेब भिंतीकडे बघतच म्हणाले. "जो माणूस तळावर हजर नाही, त्याला गोळी लागत नाही."

आई विचारात पडली. "मग कुणाच्या मागं फुटली?"

"टॅक्सीच्या."

"ओ भाऊ!" टॅक्सीवाला उडालाच. "मला संध्याकाळी घरी यायचंय! बायको आहे, दोन पोरी आहेत!"

त्याला गप्प करायला निम्मा डबा काह्क गेला. विमानतळापर्यंत तो खात होता आणि मागं बघत होता.

सिडनीला आम्ही उतरलो आणि तपासणीच्या टेबलावर आईची बरणी निघाली. तरुण अधिकारी होती, हसऱ्या चेहऱ्याची. तिनं झाकण उघडलं. पुढचं वर्णन मी करत नाही. एवढंच सांगतो, की वास घेण्यासाठी शिकवलेला एक कुत्रा आला, त्यानं वास घेतला, आणि राजीनामा दिल्यासारखा लांब जाऊन बसला. आणखी तीन अधिकारी आले. हातमोजे आले. "हे किती जुनं आहे?" त्यांनी मला विचारलं, मी आईला विचारलं.

"विरजण माझ्या आईचं," आई म्हणाली. "त्यातलंच थोडं ठेवून दर वर्षी वाढवत आलेय. मडकं तेच."

मी भाषांतर केलं. अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हसऱ्या मुलीनं हलक्या आवाजात सांगितलं, हे आत नेता येणार नाही, टाकून द्यावं लागेल.

आई टेबलाला धरून उभी राहिली. मग अरबीतच, त्या मुलीच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "हे माझ्या बहिणीसाठी आहे."

अकरा वर्षांत तो शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. भाषांतर करायला मला जरा वेळ लागला. नियम बदलला नाही. पण त्या मुलीनं बरणीचं झाकण नीट घट्ट लावलं आणि ती दोन्ही हातांनी उचलून नेली. काह्कांचा अर्धा डबा मात्र तिनं परत दिला.

या सगळ्यात एवढा वेळ गेला की आमच्या विमानातली माणसं घरी जाऊन झोपली असतील. बाहेर आलो तर समोर कॉफीच्या दुकानात, आमच्याकडे पाठ करून एक बाई बसली होती. टेबलावर रिकाम्या कपांची रांग. उजवा हात मांडीवर, नुसता ठेवल्यासारखा.

आई तिच्या मागं जाऊन थांबली. "मी कुणाकडे आले नाहीये. वाटेत आहे."

मावशी वळली नाही. "मी पण कुणाला घ्यायला आले नाहीये. कॉफी प्यायला आले."

"विमानतळावर?"

"इथली चांगली असते." मग तिचा आवाज फुटला. "मला वाटलं, तू तोंडही न दाखवता चिलीला गेलीस! सगळे बाहेर आले, तू आली नाहीस. उठून निघणार होते. तेवढ्यात ते दार उघडलं आणि मिशचा वास आला. अम्माच्या मडक्याचा."

त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या तेव्हा दुकानातल्या लोकांनी अदबीनं नजर वळवली. बहुधा वासामुळे असेल.

आता तुम्हाला वाटेल, संपलं. आईला तुम्ही ओळखत नाही. मावशी म्हणाली, घरी चल. आई म्हणाली, मी वाटसरू आहे, परवाना बघ. मोठीनं धाकटीच्या उंबऱ्यात आधी पाय ठेवायचा नसतो. तिन्ही दिवस आई विमानतळासमोरच्या हॉटेलातून हलली नाही आणि मावशी दिवसातून चारदा तिथं कॉफी प्यायला येत राहिली. काह्कचा डबा उघडला तेव्हा मावशी बराच वेळ नक्षीवरून बोट फिरवत होती. "काट्यानं केलीस?" "मग काय नखांनी करू?" आई रोज ऑलिव्हचं तेल लावून तिची बोटं चोळायची. मनगट जुळलं होतं, पण बोटं पूर्ण मिटत नव्हती. दोघी अखंड बोलायच्या, अखंड भांडायच्या. मी मधे बसून वाटीतलं तेल सांभाळायचो.

शेवटच्या दिवशी मावशी म्हणाली, "चिमटा घरात आहे. येऊन घे."

"आणून दे."

"मी का आणू? धाकटी म्हणून?"

"हो."

"मग राहू दे काटा!"

"राहू दे चिमटा!"

आणि आमच्या विमानाची घोषणा झाली. आईनं रागारागानं मावशीचं मनगटी घड्याळ तिच्या हातावर चढवलं, पट्टा लावून दिला, आणि मागं न बघता आत गेली.

पॅसिफिकवर एक रेघ आहे. ती ओलांडली की तीच तारीख पुन्हा सुरू होते. मी हे आईला समजावून सांगितलं. ती तारीख दोनदा आली आणि आई दोन्ही वेळा गप्प होती. चिलीतल्या बाकावर गप्प. माद्रिदच्या बाकावर मात्र एकदम म्हणाली, "तिला घड्याळाचा पट्टा लावता येत नाही."

"हं."

"तिचे यजमान गेले. मुलगा पर्थला असतो. आज कुणी लावला असेल?"

 प्रदक्षिणेच्या तिकिटात त्याबद्दल काही नियम नव्हता.

कैरोला उतरलो. तिकीट संपलं. आम्ही सगळी पृथ्वी पायाखाली, म्हणजे बुडाखाली घालून आलो होतो आणि स्वागताला काळं कुत्रं नव्हतं. जिना चढताना कर्नलसाहेबांचं दारसुद्धा उघडलं नाही. आमच्या मजल्यावर पोचलो तर आमचंच दार उघडं. आतून गरम तुपाचा वास.

स्वयंपाकघरात हाज्जा इन्शिराह आणि कर्नलसाहेब स्टुलांवर बसून चहा पीत होते. घराची किल्ली हाज्जांकडे असते. ओट्याशी, आईचा एप्रन बांधून, डाव्या हातानं पीठ मळत दिमियाना मावशी उभी होती.



"मी तुझ्याकडे आले नाहीये," मावशी पिठाकडे बघत म्हणाली. "सण झाला की जेरुसलेमच्या यात्रेला जाणारेय. कैरो वाटेत लागलं."

आईच्या हातातली बॅग खाली टेकली. "मी जगाला वळसा घालून आले. तू कधी पोचलीस?"

"काल. त्याच संध्याकाळी निघाले. सरळ आलं की लवकर पोचतो माणूस."

या एका वाक्यानं माझ्या सहा महिन्यांच्या नियोजनाची जी वाट लागली, तिच्याकडे त्या क्षणी कुणाचंच लक्ष नव्हतं. कर्नलसाहेबांनी मला चहा दिला. "पश्चिमेच्या दिशेनं आल्या त्या," ते म्हणाले. "सूर्याबरोबर."

मावशीनं एप्रनच्या खिशातून चिमटा काढला आणि आईपुढं ओट्यावर ठेवला. पितळ काळवंडलं होतं. अकरा वर्षं तो वापरलाच नव्हता, हे दिसतच होतं. "एकटीसाठी कोण काह्क करतं?" मावशी म्हणाली.

आईनं हात धुतले. चिमटा उचलला. पहिली ओळ वाकडी गेली, दुसरी पण. "काट्याची सवय," ती पुटपुटली.

"मी करते."

मावशीनं चिमटा घेतला. बोटं मिटेनात. चिमटा पिठावर नुसता टेकून राहिला. तिनं पुन्हा प्रयत्न केला. हाज्जा इन्शिराह खिडकीबाहेर बघू लागल्या.

आईनं तो तिच्या हातातून काढून घेतला, भांडण काढावं तशा स्वरात म्हणाली, "तुला ताटात फिरवता तरी येतं का?"

"येतं."

"मग फिरव. मी दाबते."

मावशी डाव्या हातानं एकेक गोळा हळूहळू फिरवत गेली आणि आई दाबत गेली. नक्षी काही फार चांगली उमटली नाही. "सावकाश फिरव." "तू भरभर दाब." "चिमटा बोथट करून ठेवलास." "तुझे हात बोथट झालेत." असं चार ताटं चाललं.

मी सहज विचारलं, "मावशी, यात्रेचं तिकीट कुठल्या तारखेचं आहे? हप्त्यात करायचं असेल तर मी…"

दोघींनी एकदम माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो.

थोड्या वेळानं बघतो तर आई गॅलरीत होती. कठड्यावरच्या आमच्या दोन्ही सुरया तिनं उचलल्या आणि आत आणून पलंगाखाली सारल्या. मग वर गेली. हाज्जा इन्शिराह अजून आमच्याच स्वयंपाकघरात होत्या. त्यांना न विचारताच आई त्यांचीही नवी सुरई उचलून घेऊन आली आणि तीही पलंगाखाली ठेवली.

"वाऱ्याचे दिवस आहेत," ती मला म्हणाली.

वारा नव्हता.